हौसेरावांचा सावलीतला गुलाब

हौसेरावांनी उलटून पाहिल्याशिवाय कुठलीही वस्तू घरात आणली नाही. फळबाजार मुंबईहून तुर्भ्याला आला आणि त्याच्यामागोमाग हे नवराबायको आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले. व्यापाऱ्याकडे आलेल्या आंब्याच्या पेट्या तपासणं हे त्यांचं काम. वरचा थर रसरशीत, खालचा सडका, हे इतकं पाहिलेलं की पेटी दिसली की हात थेट तळाशी. तोच हात ते घरीही आणत. दूधवाला पाणी घालतो, सेक्रेटरी मुद्दाम पंप उशिरा लावतो, आणि वरच्या मजल्यावरची मी त्यांच्या अंगणात डोकावते, असा त्यांना दाट संशय होता. यातलं शेवटचं खरं होतं.

अंगण कसलं, भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली चिंचोळी पट्टी. सकाळी जरा ऊन यायचं, की शेजारच्या बिल्डिंगची सावली पडायची. शकुबाईंना, त्यांच्या बायकोला, तिथे गुलाब हवा होता. साताऱ्याकडचं गाव सोडून आल्यापासून त्यांचा जीव रमत नव्हता. एकदा माझ्यादेखतच म्हणाल्या, "हितं कायबी रुजत न्हाय ताई. योक गुलाब तरी लागू दे. न्हायतर पाडव्याला मी गावी जानार, आन परत न्हाय याची."

ते ऐकून हौसेराव घाबरले. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "वहिनी, नर्सरीत चला. तुमाला गुलाबातलं कळतं."

मी चांगलं समजावलं. सावलीत मोठ्या फुलांच्या गुलाबाला नुसती पानंच येतात, झुपक्यांनी फुलणारा लहान फुलांचा घ्या. नर्सरीवाल्यानंही तेच सांगितलं. झालं! दोघांचं एकमत ऐकताच हौसेरावांचे डोळे बारीक झाले.

"ह्यो तुमचा कोन लागतो?" त्यांनी मला विचारलं.

मी कपाळावर हात मारला. त्यांनी हट्टानं सगळ्यात मोठ्या लाल फुलाचं कलम निवडलं आणि मुळं खरी आहेत का बघायला कुंडी तिथेच पालथी केली. नर्सरीवाल्यानं डोकं धरलं.

झाड लावलं, पण विश्वास कुठला बसायला? सुट्टी आली की हौसेराव खुरपं घेऊन मुळं उकरून बघायचे. पानं गळू लागली, तेव्हा नर्सरीवाल्यानं आतून कुजकं दिलं असं ठरलं. मग म्हणाले, माती खाडीची, खारी. मग माझ्या धुण्याचं साबणाचं पाणी खाली गळतं म्हणून माझ्यावर घसरले. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

लाल कलम वाळून गेलं. पण महिन्याभरानं खोडाच्या तळातून एक हिरवागार फोक उसळला आणि त्यावर फिकट गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचा झुपका आला.

"बगा! वर लाल दाखवून खाली गावठी भरलाय!" हौसेराव अंगणात ओरडले.

अबोला विसरून मी गॅलरीतूनच सांगितलं, की कलम गावठी झाडावरच बांधतात. वरचं सावलीत मेलं, खालचं तग धरून उठलं. त्यांनी ऐकलंच नाही. खुरपं उचलून झाड काढायला निघाले, तशा शकुबाई आडव्या आल्या.

"हात लावू नगा. आमच्या गावच्या परड्यात ह्योच हुता."

हौसेराव थबकले. मग इतके दिवस पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. "तूच मारलंस ते कलम. तुला गावाला जायाचंच हाय. निमित्त पायजे हुतं तुला!"

परक्यांवर संशय घेणं वेगळं, हे फार झालं.

शकुबाई कडाडल्या. "तुमी मुळं उकरून ठेवायची, आन तुमी मार्केटला गेल्याव मी ती झाकायची. पानी घालायचं, माती दाबायची. जायाचंच असतं तर मरू दिलं नसतं व्हय?"

हौसेरावांनी खुरपं खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, "मंग पाडव्याला?"

"गुढी हितंच उभारायची. पर पुन्यांदा ही मुळं उकरलीसा, तर त्याच दिशी यष्टीत बसंन."

हौसेराव खाली बसले, मुळांवरची माती हातांनी दाबली आणि त्याच हातांनी डोळे पुसू लागले.