शैलजाताईंच्या नकाशावरचा पोकळ ठिपका

डॉ. शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट २००३ साली अमेरिकेत बेलव्ह्यूला, माझ्या मुलाच्या घरी जेवताना झाली. त्या तिथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी सातवी पास, सासवडकडे दवणा पिकवलेला माणूस. “काका, मीही दवण्याच्याच कुळावर काम करते, पण अलास्कातल्या,” असं त्या म्हणाल्या, आणि खरं सांगतो, मला राग आला. दवणा माझा होता.

तरीही त्यांनी मला वाळवलेली रोपं कागदावर चिकटवायला बोलावलं. त्या अभ्यासत ती दुर्मिळ वनस्पती बोटभर उंचीची, गार बेटांवर वाढणारी. त्या छोट्या विमानानं तिकडे जात आणि मी खोलीत गोंद लावत बसे. ते सलत असे. बेटांबाहेरचा, मुख्य भूमीवरच्या एका डोंगरावरचा जुना नमुना एकच होता. तो त्याच जातीचा ठरला असता, तर तिचा पसारा नव्यानं मांडता आला असता. ताईंनी तो अजून तपासलाही नव्हता.

तोच मी ओल्या ब्रशनं पुसला.

“काका, काय करताय?”

“भुरी आलीय ताई. आमच्या पिकावर यायची, तशी पांढरी.”

ताई खुर्चीत बसल्या. “रोग नाही हो तो, लव आहे. तिच्यावरूनच ही जात ओळखायची.”

मी ब्रश खाली ठेवला. त्यांचा नागपूरचा विद्यार्थी नीरज म्हणाला, “मॅडम, लेखाच्या नकाशात त्या डोंगरावर ठिपका देऊन टाका ना यार. कोणाला कळणार?”

“मला कळलं, काकांना कळलं, आता तुलाही. अजून किती जण हवेत?”

दुसऱ्या दिवशी, काढूनच टाकतील म्हणून मी डबा न घेता गेलो. ताईंनी पुढचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःच्या डब्यातली पोळी दिली.

लेख छापून आला. नकाशात बेटांवरचे ठिपके भरीव, डोंगरावरचा तो एक पोकळ. खाली टीप: चिकटवताना लव निघाली, खात्री देता येत नाही. कोणाच्या हातून, ते नाही. आभारात मात्र माझं पूर्ण नाव आहे. त्यांच्या जागी मी असतो, तर चूक करणाऱ्याचं नाव टिपेतच घातलं असतं. त्यांच्या पदवीचा, विमानाचा हेवा आता कमी झालाय. या मोठ्या मनाचा मात्र कमी होत नाही.

ताई यंदा साठ वर्षांच्या होताहेत आणि उन्हाळ्यात ते रोप शोधायला स्वतः तो डोंगर चढणार आहेत. त्यांना उदंड आयुष्य, दुखरे गुडघे साथ देतील एवढं बळ आणि डोंगरावर चार कोरडे दिवस मिळोत. रोप सापडलं तर मी पुन्हा जळेन, हे आत्ताच सांगतो. तरी सापडो.