मारीबाय येते

निवृत्त मास्तरणीकडे काही साठो न साठो, किस्से मात्र ढिगाने साठतात. माझ्याकडचे हल्लीचे निम्मे एकट्या सिस्टर मारिसेलचे आहेत. ही फिलिपिन्सची. पनवेलच्या आसपासच्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला आलेली. कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टर तिला मराठी शिकायला माझ्याकडे सोडून गेल्या आणि बजावून गेल्या, "दिवाळीपर्यंत लोकांनी हिला घरात घेतलं नाही, तर परत मनिलाला."

*

पहिल्याच दिवशी मी चहा विचारला. "नको." पुन्हा विचारला. "नको." तिसऱ्यांदा विचारल्यावर ती कावरीबावरी झाली. "टीचर, माझं 'नको' चुकतंय का?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर आहे. पण पहिल्या दोन 'नको'ला इथे कोणी विचारत नाही."

पुढच्या आठवड्यात तिने मला बिस्किटं विचारली. मी "नको" म्हटलं, तर तिने निमूटपणे माझ्या बशीत चार ठेवली!

*

कामोठ्यातला भाजीवाला तिच्या मराठीला हटकून हिंदीत उत्तर द्यायचा. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी एवढे कष्ट घेतलेत. तुम्हीही थोडे घ्या."

त्या दिवशी कढीपत्ता फुकट मिळाला. वर, "ताई, परत या."

*

शिरढोणकडे एका अंगणात कुत्रा अंगावर धावून आला. आपण हाड हाड करतो. ही हात जोडून म्हणाली, "आपण कृपया बसून घ्या."

बसला की हो!

*

त्याच वस्तीत एक आजोबा लकव्याने पडून होते. त्यांचा मुलगा दारातच आडवा उभा राहिला. "आमचं देव बदलाला आलीस काय?"

"नाही दादा," सिस्टर म्हणाली, "आजोबांची चादर बदलायला आले."

तो बाजूला झाला. हे उत्तर मी शिकवलेलं नव्हतं, तरी ते मी आठवडाभर सगळ्या सोसायटीत मिरवलं. मग ती रोज तिथे जायला लागली. त्या घरातल्या आजींनी तिचं नाव मारीबाय ठेवलं.

*

दिवाळीच्या तोंडावर ते आजोबा गेले. आम्ही दोघी भेटायला गेलो. ओटीवर बायका बसलेल्या, आजी भिंतीला टेकून. एरवी निघताना "येते" म्हणायचं, हे तिला पाठ होतं. पण दुःखाच्या घरातून तसं म्हणत नाहीत. अशा कारणाने पुन्हा येणं नको, म्हणून मुकाट्याने उठायचं. नेमकं हेच सांगायचं राहून गेलं होतं.

सिस्टर उठली. आजींचे दोन्ही हात धरले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजी, येते."

ओटीवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलाने मान वर केली. मी मनात म्हटलं, झालं, हे दार बंद, आणि पोरगी चालली मनिलाला.

आजींनी तिचे हात सोडले नाहीत.

"ये गो बाय," त्या म्हणाल्या. "आता माज्यासाटी ये."