मेजरांचा कान

कुठलीही वस्तू विकत घ्यायची झाली की मेजर आधी डोळे मिटायचे. मिक्सर असो, छताचा पंखा असो, नाहीतर शेजाऱ्याची जुनी मोटारसायकल असो. समोरचा माणूस रंग दाखवतोय, वॉरंटी सांगतोय आणि हे मान जराशी डावीकडे कलती करून, डोळे मिटून उभे. "चालू करा," एवढंच म्हणायचे. मग दुकानातली माणसंही उगाचच गप्प व्हायची. थोड्या वेळाने डोळे उघडून मेजर निकाल द्यायचे, "बेअरिंग रडतंय," नाहीतर, "द्या बांधून." काकू म्हणायच्या, "मला बघाय आलं तवाबी असंच डोळं मिटून बसलं हुतं. म्हणून तर फसलं."

मेजर म्हणजे काही खरे मेजर नव्हेत. आमच्या साताऱ्याकडे फौजेतून घरी आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची पद्धत आहे, मग तो तिथे भटारखान्यात असला तरी. हे होते ड्रायव्हर. सगळी नोकरी बर्फाच्या रस्त्यांवर अवजड ट्रक चालवण्यात गेली होती. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणत. मला सुरुवातीला त्याचा राग यायचा. तसा मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो. पण मेजरांवर तो टिकायचा नाही, कारण त्यांच्याशी भांडायला आवाजच सापडायचा नाही.

फौजी माणूस म्हणजे घसा फोडून बोलणार अशी माझी समजूत होती. मेजर इतकं हळू बोलायचे की ऐकायला पुढे वाकावं लागे. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "बर्फात वरडायचं नसतं मास्तरीणबाई. वरडलं की वरचं समदं खाली येतंय." साताऱ्यात कुठून बर्फ यायला? पण भाजीवालीशी, नळ दुरुस्त करायला येणाऱ्याशी, रस्त्यावरच्या कुत्र्याशीसुद्धा ते तसंच जपून बोलायचे. गंमत म्हणजे सगळे त्यांचं ऐकायचे. मी वर्गात एवढी ओरडते, माझं कुणी ऐकत नाही.

त्यांच्या एका डोळ्याची नजर गेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. अंगणातली त्यांची जीप तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने विकत नेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मेजर फाटकाशी उभे होते, अर्थातच डोळे मिटून. त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं, चालणं कमी झालं. मला ते बघवेना, म्हणून एका सुट्टीत मी माझा लॅपटॉप खाली नेला आणि त्यावर ट्रक चालवायचा गेम सुरू करून दिला. डोंगर, वळणं, मागे लाकडांनी भरलेली गाडी. मेजर अर्धा तास खुर्चीवरून हलले नाहीत. वळणावर हॉर्न वाजवला. समोरून चढाने एक ट्रक आला तर यांनी आपला ट्रक कडेला घेऊन थांबवला.

"मेजर, तो खोटा आहे. त्यात माणूस नाही," मी म्हटलं.

"असंल. पन चढाच्या गाडीला वाट द्यायची असती," ते म्हणाले आणि तो खोटा ट्रक दिसेनासा झाल्यावरच त्यांनी गिअर टाकला.

त्या दिवसापासून माझा लॅपटॉप खालीच मुक्कामाला गेला. टेबल होतं त्याच खोलीत खिडकीशी काकूंची खाट होती. काकूंना दम्याचा जुना आजार. माहेर तासगावचं, बेदाण्याच्या शेडवर गंधकाच्या धुरीत लहानपण गेलं, त्याचंच हे फळ असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि वर बशीत बेदाणेच पुढे करायच्या. मेजर पेपर वाचत असोत की भाजी निवडत असोत, त्यांचा एक कान कायम खाटेकडे असे. काकूंच्या श्वासाची लय जरा बदलली की पेपर बाजूला, पंप हातात. काकूंवर हाक मारायची वेळ कधी आलीच नाही.

ती आली गेममुळे. माझा लॅपटॉप तापला की त्याचा पंखा असा घोंघावायचा की शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली असं वाटावं. त्या दुपारी मेजर घाट चढत होते, पंखा ओरडत होता आणि काकूंना धाप लागली. हाक मारण्याइतका दम नव्हता. त्यांनी स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडावर आपटला. तो आवाज वर मला ऐकू आला आणि चार हातांवर बसलेल्या मेजरांना आला नाही. मी धावत खाली गेले, पंप दिला, काकू सावरल्या. मेजरांनी लॅपटॉप मिटला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. "घेऊन जावा ही गाडी," म्हणाले.

पुढचे कित्येक दिवस मेजर नुसते खुर्चीत बसून राहिले. शेवटी काकूच एकदा कशाबशा माझ्या दारात आल्या. जिना चढून आल्या म्हणून मी रागावले, तर म्हणाल्या, "राग मागनं. आधी ह्यास्नी गाडी घेऊन द्या. जीप गेली, आता ही बी गेली. त्वांड बघवंना."

मेजर कबूल झाले, पण दोन अटींवर. काकूंच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही; पेन्शनमधून साठलं असेल तेवढ्यातच जे बसेल ते घ्यायचं. आणि दुसरी अट, "ट्रक पळाला पायजे, पन मला हिचा श्वास ऐकू आला पायजे." मी डोक्याला हात लावला. गेम चालवणारा लॅपटॉप म्हणजे आत तापणारं ग्राफिक्स कार्ड, आणि ते गार करायला पंखे. ताकदवान आणि गप्प असा हवा तर खिसा मोठा लागतो. थोडक्यात बसवायचं तर या दोहोंतलं एक सोडावं लागतं. हे मी त्यांना सविस्तर समजावलं. त्यांनी ते सविस्तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला, बघून तर येऊ. हिलाबी घ्या संगं."

पोवई नाक्याजवळच्या दुकानात आम्ही गेलो तो प्रसंग आठवला की मला अजून हसू येतं. मेजरांनी आधी दुकानाचा एसी बंद करायला लावला, मग पंखे. काकूंना एका खुर्चीवर बसवलं आणि खाट आणि टेबल यांच्यात घरी असायचं तेवढं अंतर पावलांनी मापून ते लॅपटॉपपाशी उभे राहिले. दुकानातला तरुण विक्रेता घाम पुसत म्हणाला, "काका, हेडफोन लावा की. पंख्याचा आवाज येणारच नाही."

"आन् पहारा कुनी द्यायचा? कान झाकून पहारा हुतो व्हय?" मेजर म्हणाले. तो पोरगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला लॅपटॉप चालू करायला खुणावलं.

पहिला लॅपटॉप अगदी गप्प होता, पण त्यावर ट्रक ढकलल्यासारखा अडखळत चालायचा. दुसरा बरा होता. पंखा वाजायचा, पण बेताने. तिसरा मागच्या वर्षीचा, म्हणून सवलतीत आलेला. त्याच्यावर गेम सुरू झाला आणि मेजरांचा चेहराच पालटला. घाटात धुकं उतरत होतं, काचेवर थेंब जमत होते. पाठोपाठ पंखाही सुरू झाला, चांगला खणखणीत. मी मनात म्हटलं, हा बाद. मेजरांनी डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "येतंय. साफ ऐकू येतंय."

मला पटलं नव्हतं. मी मधलाच घ्या म्हणून हट्ट धरला. पण त्यांच्या कानाचा दबदबाच एवढा होता की माझं शास्त्र तिथे गप्प बसलं आणि तिसराच घेतला. काकू खुर्चीत ताठ बसून मेजरांकडे एकटक बघत होत्या. रिक्षात मात्र त्यांना बोलवेना, इतक्या दमल्या होत्या. जिना नाही, चालणं नाही, नुसतं बसायला काय लागतंय, असं मला वाटलंही होतं.

दोन दिवसांनी खाली गेले तर नव्या लॅपटॉपवर टॉवेल टाकलेला. "ऐकू येत न्हाई," मेजर म्हणाले. "दुकानात आलं, घरात येत न्हाई. कान गेलं माझं." डोळ्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण कान गेले म्हणताना ते एकदम म्हातारे दिसले. तेव्हा खाटेवरून काकू म्हणाल्या, "कान न्हाई गेलं. म्या दुकानात मुद्दाम जोरात घेत हुते."

"काय घेत हुतीस?"

"श्वास, आनि काय! तुमचं त्वांड बघितलं त्या गाडीवर. लय दिसांनी फुललं हुतं. म्हटलं, घेऊ द्यात."

मेजर माझ्याकडे बघून, नेहमीपेक्षाही हळू म्हणाले, "बघा मास्तरीणबाई. हिला सोताला पुरत न्हाई दम, आन् माझ्यासाठी उधळून आली." मला रडू आलं, आणि रडू आलं की मी कामाला लागते. दुकानदार विकलेला माल परत घेणार नव्हता. मग मी तोच गप्प करायला बसले. दर सेकंदाला पडद्यावर किती चित्रं उमटावीत याला मर्यादा घातली. ढग कमी केले, झाडांची पानं कमी केली. कार्डाला काम कमी म्हणजे ताप कमी, ताप कमी म्हणजे पंखा शांत. खालून हवा खेळावी म्हणून काकूंनी दोन रिकाम्या काड्यापेट्या दिल्या, त्या मागच्या बाजूला टेकवल्या.

"धुकं जाईल मेजर," मी म्हटलं.

"जाऊ द्या. खरं धुकं लय बघितलंय."

मग चाचणी. "आता इमानदारीनं घे," त्यांनी काकूंना बजावलं. गेम चालू, पंखा जेमतेम कुजबुजणारा. मेजरांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट टेबलावर ठेवलं. मी काकूंच्या छातीकडे बघत होते. छाती वर गेली की बोट वर, खाली आली की बोट खाली. एकदाही चुकलं नाही. एखाद्या माणसावर जीव आहे असं लोक सहज म्हणतात. मी तो त्या बोटात पाहिला, आणि तेव्हापासून मला त्या शब्दाचा सैल वापर खपत नाही.

पुढे दीडेक वर्ष त्या खोलीत मेजरांचा ट्रक विनाधुक्याच्या घाटातून हळूहळू जात राहिला. मध्येच थांबायचा. वरून मला कळायचं, काकूंना पंप दिला जातोय. मग पुन्हा गिअर पडायचा. काकू शेवटी गेल्या त्या दवाखान्यात, मेजरांचा हात हातात असताना. कसला पेला आपटावा लागला नाही.

तेराव्यानंतर मेजर वर आले. लेक त्यांना पलूसला घेऊन जाणार होती, बांधाबांध चालली होती. "ती तुमची मर्यादा काढून टाका," म्हणाले. "वाजू दे किती वाजायचं ते. आता कुनाला तरास हाय?" मी खाली गेले आणि सगळं मोकळं करून दिलं. घाटात धुकं उतरलं, पानं हलायला लागली, पंखा भरात आला. खाट रिकामी होती, गादी गुंडाळलेली. मेजरांनी सवयीने डोळे मिटले. बोट टेबलावर ठेवलं. ते बोट तसंच राहिलं.

"बंद करा," ते म्हणाले. "पयल्यासारखं करा."

"का मेजर? चित्र बघा किती छान दिसतंय."

"ह्या आवाजात काय ऐकूच येत न्हाई."

आता काय ऐकायचं राहिलंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माझ्या तिखट जिभेने आयुष्यात एकदाच शहाणपणा केला. मी मुकाट्याने मर्यादा पुन्हा घातली, काड्यापेट्या सरळ केल्या.

आता ते पलूसला असतात. परवा फोनवर म्हणाले, "नातवंडं हसत्यात मला. म्हणत्यात, आजोबा, गाडी एवढी हळू का चालवताय, पळवा की."

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगू? म्हटलं, गप बसा जरा. आजी झोपलीया."