अक्काच्या पुड्या

माझी आई गुडघेदुखीने गेली नाही. गुडघेदुखीच्या पुड्यांनी गेली.

आज तिचं श्राद्ध. आणि आजच फॅमिली ग्रुपवर कुणीतरी सांधेदुखीच्या चूर्णाची जाहिरात फॉरवर्ड केलीय. खाली हात जोडलेले इमोजी.
किळस आली, म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकातलं, एरंडोलजवळचं आमचं गाव. आईला सगळेच अक्का म्हणायचे, मीसुद्धा.
कापूस वेचून घरी आली की तिला उठता-बसता येत नसे. तालुक्याच्या डॉक्टरने मान वर न करता सांगितलं, "हे असंच चालायचं."

मग थोरले काका, आमचे नाना, तिला धुळ्याकडच्या एका औषधवाल्या बाबाकडे घेऊन गेले. त्याने तिचे गुडघे हातात घेऊन नीट चाचपले. तिथेच तिचा विश्वास बसला.
"झाडपाला शे, काय अपाय करी?" नाना म्हणाले.

पथ्य एकच. वांगं बंद.
खानदेशातल्या बाईला भरीत सोडायला सांगणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. तिने सोडलं. हिवाळ्यात सगळ्यांसाठी वांगी भाजायची आणि स्वतः ठेच्याशी भाकरी खायची.

दुखणं लगेच थांबलं. मग चेहरा गोल गरगरीत झाला, हातपाय काड्यांसारखे.
"अक्का, तुनी तब्येत कशी सुधरनी," बायका म्हणायच्या. ती लाजायची.
तब्येत कसली, सूज होती ती.

एक दिवस रक्ताची उलटी झाली. जळगावच्या डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहूनच विचारलं, "पुड्या कुठून आणता?"
झाडपाल्यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात, हे तेव्हा कळलं. अक्का घरी परत आली नाही.

दहाव्याला नाना चारचौघांत म्हणाले, "तिनी चोरून भरीत खाधं व्हई. पथ्य मोडनं, म्हनीसन हाई व्हयनं."
सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही लाज वाटली नाही.

माणसं पांगल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं.
"माय, अक्कान्या पुड्या उरेल शेतस का? मना गुडघा बी दुखस."

मी त्यांच्यादेखत सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या. अक्का गेली तेव्हा हळहळले नव्हते इतके ते मोरीपाशी हळहळले.

अक्का, आज तुझ्या पानात भरीत वाढलंय. श्राद्धाला वांगं चालत नाही म्हणून घरात कुरकुर सुरू आहे.
असू दे.
तू पोटभर जेव.