तुटलेली केबल

खिडकीबाहेर रस्ता खोदणारा माणूस तुटलेली केबल हातात धरून ओशाळून उभा होता. केबल आमच्याच लॅबची होती.

आमच्या लॅबच्या या सर्वांत मोठ्या शाखेत सगळे रिपोर्ट मुख्य लॅबमधून इंटरनेटवरून येतात. शाखेला त्या लाइनशी जोडणारं गेटवे नावाचं यंत्र मीच निवडलं होतं. लहान शाखांत चालतं तेच इथेही बसवा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी मात्र दोन लाइन घेणारं, एक तुटली की आपणहून दुसरीवर जाणारं यंत्र हवं म्हणून अडून बसलो. "बघा हं, जबाबदारी तुमची," साहेब म्हणाले होते.

मी धावत काउंटरवर गेलो. "ताई, बंद पडलं का?"

"काय बंद पडलं?" काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, आणि प्रिंटरमधून निघालेला कागद समोरच्या वयस्कर गृहस्थांच्या हातात दिला. "काका, काकूंची गाठ साधी आहे. काळजीचं काही नाही."

काकांनी तो कागद दोनदा वाचला. मग बाकावर बसून चष्मा काढला आणि डोळे पुसले. मीही शेजारी टेकलो. बाहेर काय तुटलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते कधी कळूही नये, एवढ्याचसाठी माणसं किती कामं जीव लावून करत असतील, असं वाटलं.

"तुम्हीपण रिपोर्टसाठी आलात?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आत्ताच कळला. चांगला आहे."

त्यांनी माझा हात घट्ट दाबला.