एनॉक हॅलमचा उजवा हात

एनॉक हॅलम इतका उंच होता, की बापाच्या मोजे विणायच्या मागाखाली त्याचे गुडघेच मावत नसत. नॉटिंगहॅमजवळच्या त्या गावात ज्याला माग चालवता येत नाही, तो माणूस फुकट समजला जाई. शेजारच्या जेबेझ ऑर्गिलने मात्र त्याला गावच्या कुरणात नेलं आणि हातात चेंडू दिला. जेबेझ स्वतः एके काळी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या क्रिकेट संघाकडून पगारावर खेळलेला.

"खांदा फिरव. कोपर आहे हेच विसर," तो म्हणायचा.

पुढे एनॉकही काउंटीचा पगारी गोलंदाज झाला. त्याच्यासमोर उभं राहताना हौसेखातर खेळणारे भलेभले साहेब फलंदाज मागे सरकायचे. मग एका हिवाळ्यात तो बर्फावरून घसरला आणि उजवं कोपर मोडलं. गावच्या हाडवैद्याने ते बसवलं. उन्हाळ्यात एनॉक परत मैदानात उतरला, तर चेंडू पूर्वीपेक्षाही जोरात जायला लागलेला! देवाची कृपा, असं त्याने मनाशी धरलं.

जून महिन्यातल्या सामन्यात जेबेझ पंच म्हणून उभा होता, फलंदाजाच्या बाजूला. एनॉकने पहिला चेंडू टाकला.

"नो-बॉल!"

एनॉकने पायाकडे पाहिलं. पाय रेघेच्या चांगला मागे होता. दुसरा चेंडू. परत तेच. तो खेळपट्टीवरून तसाच ओरडला, "जेबेझकाका, पाय मागेच आहे की हो!"

"पाय नाही रे. हात."

तिसऱ्या चेंडूलाही तोच पुकारा झाला, तशी प्रेक्षकांनी बोंब ठोकली, "डोळे फुटले का थेरड्या?" कप्तान फेअरहोम साहेबांनी एनॉकच्या हातातून चेंडू काढून घेतला. "पुरे, हॅलम." आपण कुठे जाऊन उभे राहिलो, हेही एनॉकला कळलं नाही.

संध्याकाळी त्याने जेबेझला तंबूमागे गाठलं.

"माझ्याशी असं का वागलात?"

"तू टाकत नाहीस, एनॉक. फेकतोस. कोपर मोडल्यापासून ते वाकतं तुझं, आणि ते नियमात बसत नाही. बाजूने उभं राहिलं की स्पष्ट दिसतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"दोनदा आलो होतो घरी. केझायाने दारातूनच परत लावलं."

केझाया म्हणजे एनॉकची बायको. तो तडक घराकडे निघाला.

घरी ती बटाटे सोलत होती. त्याचा चेहरा बघूनच तिने सुरी खाली ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"होतं. हात मोडला तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडून होतास. जेवायलाही उठायचा नाहीस. परत तसं बघायची माझी हिंमत नव्हती."

"खोटं आहे हे. माझा हात सरळ आहे."

"ये इकडे. फिरव."

तिने त्याचं कोपर तळव्यात धरलं. त्याने सावकाश हात फिरवला. तिच्या तळव्यात कोपर वाकलं आणि झटक्याने उघडलं. त्याने परत फिरवला, दात खाऊन, सगळा जीव लावून. परत तेच. आपलाच हात आपल्याला कळू नये? तो मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेबेझ दारात हजर. "डावा हात धड आहे ना?"

एनॉकने म्हाताऱ्याच्या तोंडावर दार आपटलं. पण काउंटीने परत बोलावलं नाही, आणि पानगळीत तो आपणहून कुरणात गेला. जेबेझने काही न विचारता त्याच्या डाव्या हातात चेंडू ठेवला. सुरुवातीचे चेंडू कुठेही जायचे. एकदा तर मेंढीलाच लागला. दोघंही हसले नाहीत.

पुढे लँकाशायरमधल्या एका गिरणीच्या क्लबाने त्याला ठेवून घेतलं. डाव्या हाताने तो संथ, वळणारे चेंडू टाकायचा, बळीही बरे मिळायचे. चेंडू हातातून सुटला की त्याची नजर मात्र फलंदाजाच्या आधी बाजूच्या पंचाकडे जायची. खेळणं सुटेपर्यंत ती सवय काही गेली नाही.