दादाला खूण दिसली होती

माझा दादा सोफे शिवतो. म्हणजे जुन्या सोफ्याचं कापड सोलायचं, आतला दबलेला फोम काढायचा, नवा भरायचा आणि वरून नवं कापड ताणून ठोकायचं. दुकान एका खोलीचं, आणि त्या खोलीत कायम कुणाचा तरी सोफा पाय वर करून पालथा पडलेला. कापड ठोकताना बारीक खिळे ओठांत धरायची त्याला सवय, त्यामुळे निम्मा दिवस तो बोलतच नाही. उरलेला निम्मा दिवस लेकीबद्दल बोलतो. ती आता इथे राहत नाही, म्हणून जास्तच.

लेक म्हणजे चिंगी. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते शाळेच्या दाखल्याबाहेर कधी आलंच नाही. वहिनी आजारपणात गेली तेव्हा चिंगीचे दुधाचे दातही पडले नव्हते. तेव्हापासून दादाने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. लोक हे कौतुकाने म्हणतात. मी आत्या आहे, मी जवळून पाहिलंय, म्हणून मला त्याचं फारसं कौतुक नाही. तिला सायकल आणली, तर ती शिकेपर्यंत हा मागून पळत होता, आणि शिकल्यावरही पळतच होता. कॉलेजची सहल डोंगरावर निघाली, तर आदल्या दिवशी याला ताप आला. थर्मामीटरला तो ताप दिसला नाही, पण चिंगी घरी राहिली. बाहेरगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तर हा जेवेना. तिने इथलंच कॉलेज धरलं. दरवेळी ती म्हणायची, "जाऊ दे बाबा, मी ठीक आहे," आणि दादाला वाटायचं, चला, मिटलं.

शिकून ती औषधाच्या दुकानात नोकरीला लागली. एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मी समुद्रावर जीवरक्षकाचं शिकायला जाणार आहे. परीक्षा पास झाले की सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर ड्यूटी. पगार नाही, आपल्या हौसेने करायचं." मी तिथेच होते. दादाचा घास हातातच राहिला.

"लोक बुडतात तिथे," तो म्हणाला.

"म्हणूनच तर, बाबा."

तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं आणि मला मनातून इतका आनंद झाला की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पण दादा कसला ऐकतोय! पुढच्याच आठवड्यात मला कळलं, हा पालिकेच्या तलावावर पोहायला शिकतोय. पन्नाशी ओलांडलेला माणूस, शाळकरी पोरांच्या रांगेत कठड्याला धरून पाय मारतोय. मी तडक दुकानात गेले.

"हे काय चालवलंयस, दादा?"

त्याने तोंडातले खिळे तळहातावर काढले. "तिला सोबत."

"तिने मागितली?"

"मागायला कशाला हवी?" असं म्हणून त्याने खिळे परत तोंडात घातले. विषय संपला.

एक कबूल करायला हवं, माणूस जिद्दीचा. महिन्या-दोन महिन्यांत त्याला बऱ्यापैकी पोहता यायला लागलं आणि तो चिंगीच्याच तुकडीत दाखल झाला. तिने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही.

जीवरक्षक मंडळाची जागा म्हणजे गाड्या लावायच्या मैदानाच्या कडेला एक पत्र्याची खोली. आत ओल्या रबराचा वास, भिंतीला टेकवलेल्या पाण्यावर तरंगणाऱ्या लांब फळ्या, खुंटीवर शिट्ट्या आणि कोपऱ्यात छाती दाबायचा सराव करायला ठेवलेला रबरी पुतळा. शिकवणारे मास्तर आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करायचे आणि सुट्टीला समुद्र सांभाळायचे. आवाज असा की लाटांनी ऐकून घ्यावं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना त्या पुतळ्याची छाती दाबायला लावली. दादाने एकदाच दाबली आणि म्हणाला, "मास्तर, यात फोम हलका भरलाय. महिन्यात बसेल." मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. पुढच्या रविवारी दादा पुतळा दुकानात नेऊन नव्याने भरून घेऊन आला. त्या दिवसापासून तो सगळ्यांचा 'सोफेवाले काका' झाला.

मीही जायचे अधूनमधून, टॉवेल आणि चहाचा थर्मास सांभाळायला. तेव्हा जे दिसायचं ते पाहून जीव सुखावायचा. चिंगी पाण्यात शिरली की वेगळीच वाटायची. घरात खांदे पाडून चालणारी पोर, लाटेखालून सुळकन निघून पलीकडे डोकं वर काढायची. तुकडीत एक दंतवैद्य होते, चांगले गुटगुटीत. बुडणाऱ्याचं सोंग नेहमी त्यांनाच द्यायचे, कारण ते जीव तोडून बुडायचे. त्यांना ओढून आणताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. चिंगी आणायची. मास्तर एकदा मला म्हणाले, "तुमच्या भाचीला शिकवायला लागत नाही, फक्त दाखवायला लागतं." ते दादानेही ऐकलं. आनंदाने त्याचे कान लाल झाले. तरी ती बाहेर आली तेव्हा म्हणाला काय, तर "केस पूस आधी, सर्दी होईल."

मास्तरांनी सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजावली होती, ती इथे सांगायला हवी. किनाऱ्यावर एखाद्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं. नवखी माणसं तिथेच उतरतात आणि फसतात, कारण किनाऱ्याला आलेलं सगळं पाणी त्या वाटेने परत आत पळत असतं. त्याला तिथे ओढ म्हणायचे. ती माणसाला बघता बघता खोल नेते. सुटायचं तर किनाऱ्याकडे नाही, आडवं पोहायचं. पण जीवरक्षक हात-पाय न दमवता लवकर आत पोचायला मुद्दाम त्याच ओढीत शिरतो. आत गेल्यावर हात वर करून तळवा डोक्यावर टेकवला, की ती 'मी ठीक आहे'ची खूण. हात नुसताच सरळ वर धरला, तर 'मदत पाठवा'. आणि वर हेही बजावलं होतं की दुसरा कुणी पेशंटला, म्हणजे बुडणाऱ्याला, आणत असताना मास्तरांनी सांगितल्याशिवाय कुणीही पाण्यात जायचं नाही. दादाला हे सगळं पाठ होतं. मला घरी येऊन म्हणून दाखवायचा.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. आकाश स्वच्छ होतं, वारा मात्र जरा जास्त होता. पहिला नंबर चिंगीचा. दंतवैद्य आधीच फळीवरून आत जाऊन बुडायला लागले होते, आणि यथासांग बुडत होते. शिट्टी झाली. चिंगीने तरंगता नळा, म्हणजे बुडणाऱ्याला धरायला द्यायचा फोमचा लांब दांडा, पट्ट्याने खांद्यावर अडकवला, पाण्याकडे क्षणभर बघितलं आणि सरळ ओढीच्या पट्ट्याकडे धावली. अगदी शिकवलं होतं तसं. मास्तरांनी हळूच मान डोलावली.

ती झपाट्याने आत गेली. लाटांमध्ये तिचं डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं, परत दिसायचं. मीही थर्मास खाली ठेवून पुढे सरकले. मग ती दंतवैद्यांजवळ पोचली, हात वर केला आणि तळवा डोक्यावर टेकवला. मला इतक्या लांबून दिसला. सगळ्यांना दिसला.

आणि दादा धावत सुटला.

"दादा, अरे, ती ठीक आहे!" मी ओरडले. मास्तर ओरडले. त्याने ना नळा घेतला, ना पायात पोहायचे फिन घातले. नुसता "चिंगे! चिंगे!" करत पाण्यात घुसला. पहिल्याच मोठ्या लाटेने त्याला आडवा केला. उठला तर पायाखाली जमीन नव्हती. तो ओढीत सापडला होता, आणि एवढं पाठ केलेलं सगळं विसरून किनाऱ्याकडे उलटा पोहायला बघत होता. मग त्याचा आवाज बंद झाला.

चिंगीने ते पाहिलं. तिने दंतवैद्यांना नळा धरायला लावला, काहीतरी सांगितलं आणि बापाकडे निघाली. ती पोचली तशी दादाने तिच्या गळ्याला मिठी मारली. बुडणारा माणूस दुसरं काय करणार? दोघंही पाण्याखाली गेले.  पण तिला माहीत होतं काय करायचं ते. ती मुद्दाम आणखी खाली गेली तेव्हा त्याची मिठी आपोआप सुटली, मागून वर येऊन तिने त्याची हनुवटी धरली आणि त्याला उताणा करून आडवं, किनाऱ्याला समांतर ओढत नेलं. ओढ सुटली तिथे मास्तर फळी घेऊन पोचले होते. दोघांनी मिळून त्याला बाहेर आणलं. दंतवैद्य नळा धरून पाय मारत आपले आपण परत आले.

दादा वाळूवर बसून खारं पाणी ओकला. अंगावर घोंगडी टाकली तरी कुडकुडत होता. परीक्षक बाई आल्या, आधी त्याची नाडी पाहिली, मग चिंगीकडे वळल्या.

"पेशंट सोडलात तुम्ही. ही फेरी मला धरता येणार नाही."

"बाई, पेशंट खोटा होता," चिंगी म्हणाली. "बाबा खरे होते."

"ते दिसलं मला. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण नियम मी बदलू शकत नाही. दुपारी परत द्या, मी थांबते."

चिंगीने समुद्राकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. तो दात वाजवत तिच्या ओल्या बाहीला धरून बसला होता. सोडतच नव्हता. मी म्हटलं, "मी नेते त्याला घरी, तू थांब." तेवढ्यात दादा म्हणाला, "चिंगे, मला बरं वाटत नाहीये गं." या वेळी ते खरं होतं, हीच तर पंचाईत. ती परीक्षक बाईंना म्हणाली, "नको. यांना घरी न्यायला हवं."

घरी मी त्याला फैलावर घेतलं. आजारी माणसाला घेऊ नये, पण घेतलं. "तिने डोक्यावर हात ठेवलेला तुला दिसला नाही?"

"दिसला," तो म्हणाला.

"मग?"

"ती नेहमीच म्हणते, मी ठीक आहे."

 स्वयंपाकघरात चिंगी भांडी घासत होती. नळ चालू होता, पण भिंत पातळ आहे. तिने ऐकलं असणार.

त्या हंगामात पुन्हा परीक्षा नव्हती. थोड्या दिवसांनी तिने औषधाच्या दुकानमालकाकडून दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागून घेतली. मागून घेतली, हे मला नंतर कळलं. दादाला तिने सांगितलं, पाठवताहेत. तो या वेळी नीट जेवला. तिची बॅग त्यानेच भरली, उशीला नवा अभ्राही शिवून दिला. गाडी सुटली तेव्हा तो डब्याबरोबर धावला नाही, जागेवर उभा राहिला. त्याला ते केवढं जड गेलं, ते माझं मला माहीत.

मास्तरांनी त्याला पुन्हा बोलावलं, पण त्याने परीक्षा दिली नाही. "माझ्यामुळे पोरीचं गेलं," एवढंच म्हणायचा. मंडळाच्या नळ्यांचे पट्टे तुटले की शिवून देतो, फळ्यांना खोळी करून देतो. वस्तू पोचवायला गेला तरी पाण्याकडे बघत नाही. अधूनमधून मला म्हणायचा, "एकदा तिला परीक्षा द्यायला सांग ना. तुझं ऐकेल." मी सांगायचे, तूच सांग. त्याची छाती व्हायची नाही. पोरीने आपल्यापायी एवढं आवडतं काम टाकलं, हे त्याला आतून खात होतं, आणि मला त्याची दया यायची. रागही यायचा. दोन्ही एकदम.

गेल्या रविवारी मी दुकानात होते. एका खुर्चीवर कापड चढत होतं, माझ्या हातात एक टोक होतं. दादाने फोन लावून टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. चिंगीने उचलला. मागे वारा घोंघावत होता, कुठेतरी शिट्टी वाजली.

"समुद्रावर आहेस का गं? पाण्याजवळ जाऊ नकोस हं."

"ड्यूटी आत्ताच संपली, बाबा. झेंडे गुंडाळतेय."

दादाने ओठांत धरायला घेतलेले खिळे खाली ठेवले. "कसली ड्यूटी?"

"इथल्या मंडळाची. मी पास झाले ना. मागच्याच हंगामात."

दादाचा चेहरा असा उजळला की मी हातातलं कापड सोडून दिलं. "पास? चिंगे! अगं, मग सांगायचंस ना मला! इतके दिवस मी इथे... परीक्षा कधी आहे ते तरी सांगायचंस!"

पलीकडे तिने झेंड्यांची गुंडाळी खाली ठेवल्याचा आवाज आला.  मग ती बोलली, न रागावता, अगदी मऊ आवाजात.

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता, बाबा."

ती आणखी काहीतरी बोलली, जेवणाचं, तब्येतीचं, आणि फोन ठेवला. दादा टेबलाकडे बघत उभा राहिला.  मग त्याने खाली लोंबणारं कापड उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "खरं आहे तिचं. आलोच असतो."